डंखाखालची वजाबाकी

मे महिन्यात लालबागच्या मसाला गल्लीतून जाताना ज्या वासाचे आपण तोंड भरून कौतुक करतो, तो वास म्हणजे हिशेबाच्या भाषेत कुणाच्या तरी डब्यातून वजा झालेला माल असतो. बेडगी, संकेश्वरी, धणे, लवंग, दगडफूल भाजून डंखाखाली, म्हणजे मसाला कुटण्याच्या यंत्राखाली, गेले की लोखंडी मुसळ पडते, उचलले जाते, पुन्हा पडते, आणि दर घावागणिक मसाल्यातला काही भाग गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत हवेत जातो. (शिंका मात्र वासाच्या नव्हेत, त्या मिरचीच्या बारीक धुळीच्या. तिखटपणा सहजासहजी उडून जात नाही, म्हणून जुना मसाला जिभेला झोंबतो, पण नाकाला दाद देत नाही.)

धण्याला वास देणारे लिनालूल 198 अंश सेल्सिअसला उकळते आणि लवंगेतले युजेनॉल 250 अंशांच्याही पुढे. डंखाखालचा मसाला हाताला गरम लागतो, पण इतका खचितच तापत नाही. तरीही वास सुटतो, कारण उडून जाण्यासाठी उकळावेच लागते असे नाही. बाहेर पडायला वाट असली की पुरते. अख्ख्या धण्यात तेल बारीक नळ्यांत कोंडलेले असते आणि कुटताना त्यांच्या भिंती फुटतात. शिवाय 1 सेंटीमीटरच्या घनाकृती तुकड्याचे 1 मिलिमीटरचे 1000 तुकडे केले, तर 6 चौरस सेंटीमीटरचा पृष्ठभाग 60 चौरस सेंटीमीटर होतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, कणाच्या पोटातून झिरपत पृष्ठभागापर्यंत येण्यास लागणारा वेळ अंतराच्या वर्गानुसार बदलतो. अंतर दहावा हिस्सा झाले की वेळ शंभरावा हिस्सा होतो.

हेच गणित हायड्रोजन साठवणारे शास्त्रज्ञ धातूच्या भुकटीवर मांडतात. मॅग्नेशियम हायड्राइडमध्ये वजनाच्या 7.6 टक्के हायड्रोजन मावतो, परंतु न दळलेल्या भुकटीतून तो बऱ्या वेगाने बाहेर काढायचा तर 400 अंशांच्या आसपास तापवावे लागते. तीच भुकटी पोलादी गोळ्यांसह फिरत्या भांड्यात तासन्‌तास दळली की कण बारीक होतात, वरचे ऑक्साइडचे कवच तडकते, स्फटिकांत असंख्य दोष निर्माण होतात आणि हायड्रोजन बराच कमी तापमानाला सुटू लागतो. मात्र दळण्याच्या या कौतुकाला एक मर्यादा आहे, आणि ती मला सर्वांत मोलाची वाटते. मॅग्नेशियम आणि हायड्रोजन यांच्यातला बंध दळल्याने जवळजवळ जराही सैल होत नाही. साध्या वातावरणीय दाबाला हायड्रोजन सोडण्यासाठी त्याला 280 अंशांच्या आसपासचे तापमान लागते, ते दळल्यावरही फारसे हलत नाही. अवघ्या काही नॅनोमीटरच्या कणांत थोडा फरक पडतो, एवढेच. दळल्याने वायूला घाई करता येते, सवलत मिळत नाही.

दळण्यातून स्वतःचीच उष्णता निर्माण होते, ही दुसरी गोम. तापवून किती वायू सुटतो हे मोजायला घेण्याआधीच त्यातला काही भाग दळताना निसटलेला असू शकतो, आणि नव्याने उघड्या पडलेल्या पृष्ठभागावर हवेतली वाफ येऊन बसली तर मोजमापात ती आगंतुक पाहुणी म्हणून मिसळते. मुंबईच्या दमट हवेत हा पाहुणा न बोलावता येतो.

मोठे मसाला उद्योग म्हणूनच कधी कधी उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनने मसाला गारठवून दळतात. घरगुती पातळीवर डंखाची बाजू घेणारे लोक वेगवान चक्कीला नाक मुरडतात, त्यात तथ्य आहे असे मला वाटते, कारण दोन घावांमध्ये उष्णतेला विरायला उसंत मिळते. कुटून आणलेला मसाला मात्र आमच्या आत्या परातीत पसरून पूर्ण निवल्याशिवाय बरणीत भरू देत नाहीत, आणि झाकणाआड वाफ कोंडून गुठळ्या होऊ नयेत म्हणून तेवढा उडणारा वास त्या मुकाट्याने सोसतात. गरम मसाल्याचे जिन्नस तर त्या अख्खेच ठेवतात आणि लागतील तेवढेच खलबत्त्यात कुटतात.