शब्दसंपन्न कोणाला म्हणायचे?

पुण्यात एखाद्याने बोलण्याच्या ओघात 'अनाठायी' किंवा 'यथावकाश' म्हटले, की समोरचा हसून 'जरा मराठीत सांगा की!' असे सुनावतो. हिंजवडीच्या कचेऱ्यांतील बैठकांत मात्र 'ग्रॅन्युलर', 'स्टेकहोल्डर' बिनदिक्कत वावरतात आणि ज्याला अर्थ लागत नाही तो मान डोलावून नंतर गुपचूप शोधतो. मराठी शब्द अडला तर दोष बोलणाऱ्याचा आणि इंग्रजी अडला तर ऐकणाऱ्याचा, असा हा उरफाटा न्याय आहे.

तरीही या थट्टेला निव्वळ आळस म्हणून मी मोडीत काढणार नाही. या शहरात भाषेने माणसांची प्रतवारी पुष्कळ काळ केली आहे. 'पाणी'ला 'पानी' म्हटले म्हणून ज्याला वर्गात हसले गेले, त्याला पुढे कोणी भारदस्त शब्द वापरला की शब्दाआधी तो जुना तोरा ऐकू येतो, आणि त्याने त्याची टर उडवली तर नवल नाही. शिवाय खरोखरच मिरवणारेही असतात. सोसायटीच्या वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीची गळती सांगताना 'तद्अनुषंगाने' तीनदा ऐकावे लागले, की माझाही संयम सुटतो.

मला खटकते ते निराळेच. कौतुक असो वा थट्टा, शब्दसंपत्ती म्हणून आपण मोजतो ती केवळ संस्कृतप्रचुर किंवा इंग्रजी. मुळशीकडचा शेतकरी वाफसा, पाभर, कुळव, मोगडा असे जमिनीच्या ओलाव्याचे आणि अवजारांचे नेमके शब्द सहज वापरतो, पावसाच्या आणि जमिनीच्या अवस्था एकेका शब्दात सांगतो, पण त्याला कोणी 'शब्दप्रभू' म्हणत नाही. त्याची भाषा 'गावाकडची' ठरते. याच पुण्यात दाते-कर्वे यांनी 1932 ते 1938 या काळात महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड सिद्ध केले, तेव्हा ग्रांथिक शब्दांच्या बरोबरीने कोकणी, वऱ्हाडी आणि शेतीभातीच्या शब्दांनाही त्यात जागा दिली. ते खंड अभिमानाने दाखवणारे आपण, त्यांतलाच शब्द मार्केट यार्डात शेतमाल घेऊन आलेल्याच्या तोंडी ऐकला की त्याला अडाणी समजतो, आणि तोच शब्द एखाद्या प्राध्यापकाने व्याख्यानात पेरला की टाळी देतो.