तुम्ही विचारलंत म्हणून : आठशे मठ चार वर्षांत कसे मोडले?

सोळाव्या शतकातला इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याचा विषय बहुतेक वेळा घटस्फोटापाशीच संपतो. त्यापुढचा प्रश्न तुमच्यापैकी बरेच जण विचारतात, आणि तो मला जास्त मोलाचा वाटतो. इंग्लंड-वेल्समधले सुमारे ८०० ख्रिस्ती मठ १५३६ ते १५४० या काळात नाहीसे झाले. राजाकडे खडी फौज नव्हती. मग लोकांनी हे होऊ कसं दिलं?

सुरुवात कागदापासून करावी लागते. १५३४ मध्ये पार्लमेंटने पोपऐवजी राजाला इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख ठरवलं आणि चर्चच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा दरवर्षी त्याला देऊ केला. तो वसूल करायचा तर उत्पन्न माहीत हवं. म्हणून १५३५ मध्ये गावोगावच्या जमीनदारांनाच कामाला लावून प्रत्येक मठाच्या आणि पॅरिशच्या (म्हणजे गावच्या चर्चच्या) उत्पन्नाची नोंद झाली. हे दप्तर हाती आल्यावर कोणता मठ किती किमतीचा, हे लंडनमध्ये बसून कळू लागलं. त्याच वर्षी राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने लेटन, ली वगैरे तपासनीस मठांवर धाडले. ते घाईघाईने फिरले आणि भिक्षूंच्या भानगडींच्या याद्या घेऊन आले. त्या याद्या जशाच्या तशा खऱ्या मानू नयेत, कारण काय सापडायला हवं हे ठाऊक असलेल्या माणसांनी त्या लिहिल्या होत्या. १५३६ चा कायदाच पाहा. वर्षाला २०० पाउंडांहून कमी उत्पन्न असलेले मठ अनाचारी म्हणून बंद करायचे, आणि मोठ्या मठांत धर्म नीट पाळला जातो म्हणून देवाचे आभार मानायचे!

लोक गप्प बसले नव्हते. ऑक्टोबर १५३६ मध्ये लिंकनशरमधल्या लाउथ गावी उठाव झाला. तो यॉर्कशरमध्ये पसरला आणि रॉबर्ट ॲस्क या वकिलामागे सुमारे ३० हजार माणसं उभी राहिली. राजाच्या बाजूची फौज त्यापुढे तुटपुंजी होती, म्हणून डॉनकास्टरला वाटाघाटी झाल्या, माफीचं आश्वासन मिळालं आणि लोक घरी गेले. चूक झाली ती इथे. पुढच्या वर्षी किरकोळ दंगे झाले, ते निमित्त करून धरपकड झाली आणि जुलै १५३७ मध्ये ॲस्कला यॉर्कला फाशी दिलं.

या धाकातून नवी पद्धत निघाली. एप्रिल १५३७ मध्ये फर्नेसच्या मठाधिपतीने जीव वाचवण्यासाठी मठ ‘स्वखुशीने’ राजाला लिहून दिला. मग मोठ्या मठांसाठी आधी कायदा करायची गरजच उरली नाही. अधिकारी तयार मसुदा घेऊन यायचे, सभागृहात सर्वांच्या सह्या घ्यायचे, मठाचा शिक्का उमटवायचे आणि मग तो शिक्का मोडून टाकायचे. सामानाची यादी व्हायची. सोन्याचांदीची भांडी लंडनला जायची, छताचं शिसं आणि घंटा राजाच्या नावे राखून ठेवल्या जायच्या, बाकीचं जागच्या जागी विकलं जायचं. सही करणाऱ्या भिक्षूला साधारण वर्षाला ५-६ पाउंड पेन्शन मिळे. नन्सना बहुधा त्याच्या निम्मंच, आणि ब्रह्मचर्याचं व्रत कायम असल्यामुळे लग्नही करता येत नसे. त्यांच्या वाट्याला आलेले हाल मला सर्वांत जास्त खुपतात. अडून बसलेल्यांचं काय होतं, हे नोव्हेंबर १५३९ मध्ये ग्लास्टनबरीच्या टेकडीवर दिसलं. तिथे म्हाताऱ्या मठाधिपती रिचर्ड व्हायटिंगना फासावर चढवलं.

इमारती पाडणं खर्चिक होतं. लुइसचा मठ पाडायला पोर्तिनारी नावाच्या इटालियन अभियंत्याने लंडनहून १७ माणसं आणली होती. लिंकनशरमधल्या अधिकाऱ्याने हिशेब मांडून कळवलं, की जिल्ह्यातले मठ पुरते पाडायला १००० पाउंड लागतील. त्यापेक्षा शिसं, घंटा, छप्पर आणि जिने काढून घ्यावेत, आणि भिंती दगडाची खाण म्हणून ठेवाव्यात. आज तिथे बिनछपराचे अवशेष का दिसतात, त्याचं हे एक साधं कारण. शिशाचा पत्रा गेला की पाऊस लाकडात मुरतो, वासे कुजतात आणि वरचा भार खाली येतो.

यॉर्कशरमधल्या रोश मठाचं वर्णन मायकल शेरब्रुक या पाद्रीने नंतर लिहून ठेवलं. जवळ जंगल असूनही शिसं वितळवायला भिक्षूंची प्रार्थनेची आसनं जाळली गेली. भिक्षू स्वतःच्या खोल्यांची दारं विकत होते. शेरब्रुकच्या वडिलांनी तिथलं लाकूड घेतलं होतं. त्यांना भिक्षूंबद्दल वाईट मत नव्हतं. मग का घेतलंत, असं मुलाने विचारल्यावर ते म्हणाले, सगळं जाणारच हे दिसत होतं, म्हणून इतरांनी केलं तेच मीही केलं.

जमिनीचंही तसंच झालं. राजाने वार्षिक उत्पन्नाच्या साधारण २० पट भावाने ती विकायला काढली, कारण १५४० नंतर स्कॉटलंड आणि फ्रान्सशी झालेल्या लढायांना पैसा लागत होता. जुन्या कॅथलिक धर्माला मानणाऱ्या घराण्यांनीही ती विकत घेतली. म्हणून हेन्रीची कॅथलिक मुलगी राणी मेरी हिने १५५४ मध्ये पोपची सत्ता परत आणली तेव्हा पार्लमेंटने आधी एकच हमी मागितली: मठांच्या जमिनी ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडेच राहतील. पोपला ती द्यावी लागली. मेरीच्या कारकिर्दीत मोजकेच मठ पुन्हा उघडले, तेही मुख्यतः राजसत्तेच्या ताब्यात उरलेल्या मालमत्तेवर.