मैदान एक, कार्यक्रम तीन

मुख्य कलाकाराचा कार्यक्रम संपला, लोक अजून गेटकडे सरकत होते, आणि आमच्या ग्रुपवर भांडण जुंपलंसुद्धा. "आयुष्यातली सगळ्यात भारी रात्र! रडले मी." त्याच्याखाली लगेच दुसऱ्याचा मेसेज: "पैसे पाण्यात. काय म्हणतोय ते कळत नव्हतं, आणि ते गाणं असं कोण वाजवतं?" दोघं एकाच मैदानात, एकाच माणसासमोर उभे होते. मध्ये अंतर असेल फार तर दीडशे मीटर.

कलाकाराचं नाव सांगत नाही. सांगितलं तर निम्मे जण पुढचं वाचणारच नाहीत आणि उरलेले फक्त भांडायला म्हणून वाचतील. बरीच वर्षं मंचावर न आलेला, नवा अल्बम आज येतो उद्या येतो म्हणून गाजत राहिलेला, पोस्टरवर सगळ्यात वर आणि सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापलेला, एवढी ओळख पुरे. तो उशिरा आला. पहिला बराच वेळ कुणी न ऐकलेली गाणी गायला. आणि ज्या गाण्यासाठी अर्धं मैदान जमलं होतं ते इतकं संथ करून गायला की दुसऱ्या कडव्यापर्यंत लोकांना ते ओळखू आलं नाही.

मी लाइव्ह साउंडमध्ये काम करते. त्या रात्री ड्यूटीवर नव्हते, तिकीट काढून गेले होते, पण सवयीनं पाय मिक्सिंग डेस्कच्या, म्हणजे मैदानाच्या मधोमध जिथून सगळा आवाज सांभाळतात त्या टेबलाच्या, मागेच जाऊन थांबले. त्यामुळे मी ऐकलेला कार्यक्रम या दोघांपेक्षा वेगळा, तिसराच होता. मला तो आवडला. संथ केलेलं गाणं तर फारच आवडलं. पण आवाज नीट येत नव्हता असं म्हणणाऱ्या मित्राला 'तुला संगीतातलं कळत नाही' असं जे ऐकवलं गेलं, ते मला अजून खटकतंय. कारण त्याला खरंच आवाज येत नव्हता.

कसं, ते सांगते. मैदानात मुख्य स्पीकर मंचाच्या दोन्ही बाजूंना उंचावर टांगलेले असतात. त्यांचा रोख मधल्या आणि मागच्या गर्दीकडे असतो. अगदी पुढे, मंचासमोरच्या बॅरिकेडला चिकटून उभं राहिलं की हा आवाज बराचसा डोक्यावरून जातो. तिथं ऐकू येतात ते मंचाच्या कडेला ठेवलेले छोटे स्पीकर, जमिनीवरचे सबवूफर (खालच्या, घुमणाऱ्या बेसचे स्पीकर) आणि खुद्द मंचावरचे ड्रम. गाणाऱ्याचा आवाज थोडा दबतो, पण बेस छातीत वाजतो आणि गायकाच्या कपाळावरचा घाम दिसतो. तिथल्या माणसाला शब्द ऐकू येण्याची गरजच नसते. त्याला ते पाठ असतात.

दीडशे मीटर मागे मामला उलटा. आवाजाला एक मीटर कापायला साधारण तीन मिलिसेकंद लागतात, म्हणजे तिथं पोचेपर्यंत जवळजवळ अर्धा सेकंद जातो. म्हणून मध्ये आणखी स्पीकरचे खांब, डिले टॉवर, उभे करतात आणि त्यांचा आवाज तेवढाच मागे ठेवतात, मंचावरून आलेल्या आवाजाशी तो जुळावा म्हणून. स्क्रीनवरचं चित्र मात्र थांबत नाही. ओठ आधी हलतात, शब्द मागून येतो. त्यात वारा. आडवा वारा सुटला की आवाज झोताझोतानं येतो, एक ओळ स्वच्छ आणि पुढची गायब. शिवाय हवेत आधी विरतात त्या वरच्या पट्टीतल्या लहरी, आणि आपल्या बोलण्यातले स, श, त, च यांची धार नेमकी तिथंच असते. ती गेली की स्वर उरतात, शब्द जातात. नाचायची गाणी यातून तरतात, कारण बेस लांबवर टिकतो. पण हळू आवाजात, जवळजवळ कुजबुजत म्हटलेलं नवं गाणं मागच्यांना 'आ… ओ… ऊ…' एवढंच ऐकू येतं. आमचा मित्र तेच ऐकत उभा होता. पाठ असलेलं गाणं असतं तर गाळलेल्या जागा त्यानं स्वतः भरल्या असत्या. नव्या गाण्यात भरायला काहीच नव्हतं.

२५ जुलै १९६५ ला अमेरिकेतल्या न्यूपोर्ट फोक फेस्टिव्हलमध्ये, म्हणजे लोकसंगीताच्या महोत्सवात, तोवर साध्या, विजेविना वाजणाऱ्या (अकूस्टिक) गिटारवर गाणारा बॉब डिलन इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला आणि लोकांनी हुर्यो उडवली, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. ती नेहमी एकाच पद्धतीनं सांगतात: जुनाट लोकांना नवं पचलं नाही. पण तिथं असलेल्यांच्या साक्षी वाचल्या की तीन वेगवेगळी कारणं निघतात. काहींना वीज नकोच होती. काहींना राग आला तो तीनच गाणी म्हणून तो मंचावरून उतरला याचा, ज्याच्यासाठी आले तो इतक्यात संपलाच कसा. आणि काहींची तक्रार होती की आवाज फाटलेला होता, शब्द कळत नव्हते. ज्येष्ठ लोकगायक पीट सीगरनंही पुढं हेच सांगितलं की आपला राग विजेवर नव्हता, शब्द ऐकू येत नव्हते यावर होता. अकूस्टिक गिटार आणि बँजोसाठी मांडलेल्या यंत्रणेवर, आदल्या रात्री घाईघाईनं तालीम केलेला बँड चढवला तर काय होईल, हे माझ्या धंद्यातल्या कुणालाही विचारा. डिलन नंतर अकूस्टिक गिटार घेऊन परत आला, दोन गाणी म्हणाला, आणि त्याच लोकांनी टाळ्या वाजवल्या. इतिहासानं मात्र तिन्ही तक्रारी एका हुर्योत कोंबल्या आणि सगळ्यांवर 'अडाणी' असा शिक्का मारला.

आता बॅरिकेडजवळच्या, रडलेल्या मैत्रिणीबद्दल. ती दुपारी गेट उघडल्या उघडल्या पळत जाऊन बॅरिकेडला उभी राहिली होती. जागा सोडली की गेली, म्हणून पाणीसुद्धा घोटघोट, कारण टॉयलेटला जाणं परवडत नाही. उन्हात, आपल्याला न आवडणारे चार-पाच बँड ऐकत. (त्या बँडची मला खरी दया येते. पुढच्या चार रांगा हाताची घडी घालून, कोऱ्या चेहऱ्यानं उभ्या. त्यांना दिसतं ते फक्त रात्रीच्या माणसाचं नाव छापलेल्या टी-शर्टांचं कुंपण.) इतकं सोसल्यावर कार्यक्रम वाईट निघणं शक्यच नसतं. तिनं तो दिवसभर उभं राहून आधीच विकत घेतलेला असतो. यात खोटं काही नाही, ती खरंच रडली. मी डेस्कपासून स्क्रीनवर पाहिलं, कॅमेरा तिच्यावरून फिरला तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते, त्या नव्या, कुणालाच माहीत नसलेल्या गाण्यावर. कुठल्यातरी जुन्या शोच्या थरथरत्या रेकॉर्डिंगवरून तिनं ते पाठ केलं होतं.

अशा वेळी 'फॅन' म्हणून सरसकट बोलण्यात काही अर्थ उरत नाही. त्या मैदानात पहिल्या अल्बमचे लोक होते, ज्यांच्या मते तो तिथंच संपला. एका गाण्याचे होते, त्यांना रीलमधले वीस सेकंद हवे होते आणि ते आल्यावर फोन वर गेले, संपल्यावर पाय गेटकडे वळले. दुसऱ्या कुणासाठी तिकीट काढून 'आलोच आहोत तर बघू' म्हणून थांबलेलेही होते. हे सगळे नको तितक्या आत्मविश्वासानं एकच वाक्य बोलतात: 'लोकांना आवडलं' किंवा 'लोकांना नाही आवडलं'.

एप्रिल २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोचेला महोत्सवात अमेरिकन गायक फ्रँक ओशनच्या वेळी हे फार ठळक दिसलं. २०१६ नंतर त्याचा अल्बम नव्हता. मंचावर तो २०१७ नंतर पहिल्यांदाच येत होता. कोचेला खरं तर २०२० मध्येच ठरलेलं, ते महामारीत वाहून गेलं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याचा धाकटा भाऊ अपघातात गेला. रविवारी रात्री तो सुमारे तासभर उशिरा आला. पायाला दुखापत झाल्यामुळे आखलेला बर्फावरच्या स्केटिंगचा भाग ऐनवेळी रद्द झालेला, बँड आणि तो बराच वेळ लोकांना थेट दिसतच नव्हते, गाणी नव्या चालीत, मध्ये एका डीजेचा लांब तुकडा, आणि शेवटी कर्फ्यूची, म्हणजे कार्यक्रम थांबवायची सक्तीची, वेळ झाली म्हणून अचानक समाप्त. अधिकृत प्रक्षेपणातून त्याचा कार्यक्रम ऐनवेळी वगळला गेला होता, त्यामुळे जगभरच्या चाहत्यांनी तो मैदानातल्या कुणाच्यातरी हलत्या फोनवरून पाहिला. मध्येच त्यानं भावाचा विषय काढला, दोघं मिळून याच महोत्सवाला यायचो असं सांगितलं. हा महोत्सव लागोपाठ दोन आठवडे होतो; दुसऱ्या आठवड्यातून डॉक्टरांच्या सल्ल्यानं त्यानं माघार घेतली आणि त्याच्या जागी ब्लिंक-१८२ हा बँड आला.

त्या रात्रीवर कुणी 'फसवणूक' म्हणालं, कुणी 'शोकसभा' म्हणालं. माझ्या मते दोन्ही एकाच वेळी खरं असायला काय हरकत आहे? भाऊ गमावलेल्या माणसाला आपलं दुःख आपल्या चालीत मांडायचा हक्क आहे. आणि विमानाचं तिकीट काढून, वाळवंटात तीन दिवस काढून आलेल्या माणसाला 'मला दिसलं नाही' म्हणायचाही हक्क आहे. दुसऱ्यानं पहिल्याच्या दुःखाचा अपमान केला असं म्हणणारे लोक मला जास्त निर्दयी वाटतात.

आणि 'काळच ठरवेल' वाल्यांवर तर माझा विश्वासच नाही. वुडस्टॉक महोत्सवातला गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचा कार्यक्रम घ्या. पावसानं वेळापत्रक कोलमडलं आणि रविवार रात्रीचा शेवटचा कार्यक्रम सोमवारी, १८ ऑगस्ट १९६९ च्या सकाळी झाला. चार लाखांच्या आसपास माणसं आली होती म्हणतात, त्यातली फार थोडी तेव्हा उरली होती. आज तोच कार्यक्रम सगळ्या महोत्सवाचं तोंड झालाय, कारण कॅमेरे शेवटपर्यंत चालू राहिले होते. निघून गेलेल्यांना हसणं सोपं आहे. ते चिखलात भिजलेले, उपाशी, सोमवारी कामावर जायचं असलेले लोक होते. किंवा इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरी महोत्सवाचं १९९७ चं वर्ष. रेडिओहेड या बँडचे मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याला स्वतःचं ऐकवणारे मंचावरचे स्पीकर, बिघडले, गायक थॉम यॉर्कला स्वतःचा आवाज ऐकू येईना, वरून लाइट डोळ्यांत, आणि तो मंच सोडून जायच्या बेतात होता. ऐकणाऱ्यांच्या लेखी मात्र तो त्या महोत्सवातल्या सर्वोत्तम कार्यक्रमांपैकी एक. म्हणजे गाणाऱ्याचंसुद्धा मत त्याच्याच कार्यक्रमाबद्दल ग्राह्य धरायचं नाही, तर मग कुणाचं धरायचं?

गंमत म्हणजे कधीकधी हा वाद कार्यक्रमाच्या आधीच मिटतो, आणि तोही कलाकारच मिटवतो. २००८ मध्ये ग्लास्टनबरीला अमेरिकन रॅपर जे-झी मुख्य कलाकार म्हणून जाहीर झाला तेव्हा ओएसिस या ब्रिटिश रॉक बँडचा नोएल गॅलाघर म्हणाला होता की हिप-हॉपचं इथं काम नाही. जे-झी मंचावर आला तो गळ्यात गिटार अडकवून, आणि ओएसिसचंच सगळ्यात गाजलेलं गाणं बेसूर आवाजात म्हणत. मैदान सोबत गायलं, मग तो आपल्या गाण्यांकडे वळला. नाराजांना आधी त्यांच्या भाषेत दोन मिनिटं देऊन टाकली की ते पुढचा तासभर ऐकतात. आमच्या त्या माणसानं एक जुनं गाणं मूळ चालीत, अगदी सुरुवातीला म्हटलं असतं, तर मागच्यांनी संथ गाणंही सोसलं असतं असं मला वाटतं. मैत्रिणीला हे बोलले तर तिचं उत्तर: "अगं, मग तो तो राहिला असता का?" यावर मी गप्प बसले नाही, पण जिंकलेही नाही.

एका बाबतीत मात्र मी कुणाचंच ऐकत नाही, ती म्हणजे वेळ. कोचेला जिथं भरतो ते इंडिओ शहर महोत्सवाला कर्फ्यू मोडल्याबद्दल पहिल्या पाच मिनिटांसाठी २०,००० डॉलर आणि पुढं दर मिनिटाला १,००० डॉलर दंड लावतं. हा आकडा ऐकून लोक म्हणतात, एवढ्या मोठ्या महोत्सवाला काय फरक पडतो. फरक पडतो तो डेस्कवरच्या माणसाला. घड्याळाकडे बघत, कानातल्या हेडसेटमध्ये 'किती राहिलं?' ऐकत, मुख्य फेडरवर, म्हणजे सगळा आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या बटणावर, बोट ठेवून तोच उभा असतो. उशिरा आलेल्या कलाकाराचं शेवटचं गाणं त्याच्या हातून कापलं जातं आणि शिव्याही त्यालाच बसतात.

१४ जुलै २०१२ ला लंडनच्या हाइड पार्कात अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन तीन तासांहून जास्त गायला, शेवटी बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीला मंचावर घेतलं, आणि साडेदहाची मुदत उलटून गेल्यावर आयोजकांनी माइक बंद केले. दोघांना निरोपसुद्धा घेता आला नाही. भोवती राहणारे लोक आवाजाच्या तक्रारी वर्षानुवर्षं करत होते, परवान्यावर वेळ छापलेली होती, तरी जगानं शिव्या घातल्या त्या बटण दाबणाऱ्याला. स्प्रिंगस्टीननं पुढच्या डब्लिनच्या कार्यक्रमात सुरुवातीलाच मंचावर एक अवाढव्य स्विच आणून तो 'चालू' केला आणि लंडनचं शेवटचं गाणं तिथून पुढं म्हणून पूर्ण केलं. लोक पोट धरून हसले. मीही हसले, पण मी त्या बटणवाल्याच्या बाजूनं.