मुंबई ते लंडन : आठ तासांचा हिशेब आणि दहा तासांचा प्रवास

मुंबई आणि लंडन यांच्यातील हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे आणि प्रवासी विमान ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास वेगाने उडते. तेव्हा आठ तासांत पोहोचू, असे मी आईला निघण्यापूर्वी सांगून ठेवले होते. तिकिटावर मात्र दहा तास होते. हे वरचे दोन तास कुठे जातात, ते मला जूनमध्ये धाकट्या बहिणीकडे जाताना समोरच्या पडद्यावरचा नकाशा पाहत बसल्यावर उमगले.

पृथ्वीच्या गोलावरून सर्वांत जवळची वाट काढली, तर ती मुंबईहून वायव्येला पाकिस्तान, इराण आणि कॉकेशसवरून युक्रेनकडे जाते. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२पासून नागरी विमानांना बंद आहे आणि एप्रिल २०२५मध्ये पाकिस्ताननेही भारतीय विमानांना आपल्या हद्दीतून जाण्यास मनाई केली. त्यामुळे आमचे विमान अरबी समुद्रावरून पश्चिमेला निघाले, अरबस्तानचे वाळवंट ओलांडून उत्तरेला वळले आणि तुर्कस्तानवरून युरोपात शिरले. त्यात या उंचीवर वारा बहुतेक पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. जाताना पडद्यावरचा वेग ताशी ८४० किलोमीटरच्या आत-बाहेर होता. परतताना तोच वारा पाठीशी असल्याने आकडा ९६०वर गेला आणि नऊ तासांत आम्ही मुंबईत उतरलो.

लंडनजवळ आल्यावरही लगेच उतरता आले नाही. हीथ्रोवर गर्दी असली की विमानांना ठरलेल्या चार ठिकाणी आकाशात घिरट्या घालत थांबावे लागते. आम्ही आग्नेयेच्या बिगिन हिलवर तीन फेऱ्या मारल्या. खालचा तोच हिरवा गोल्फचा पट्टा तीनदा डाव्या हाताला आला.

उन्हाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. आईने आपले घड्याळ बदलले नाही. त्यात सव्वासात वाजले, तेव्हा आम्ही तुर्कस्तानवर होतो आणि खिडकीतून ऊन तिच्या मांडीवर पडले होते. घरी ही दिवेलागणीची वेळ. तिने हात जोडून हलक्या आवाजात 'शुभं करोति' म्हटले. दुपारी एकला मुंबई सोडलेले विमान स्थानिक वेळेनुसार साडेसहाला उतरले, तरी सूर्य चांगला वर होता.

दूरचा प्रवास आखणाऱ्यांनी दाराबाहेरचे तासही धरावेत, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. नाशिकच्या घराला कुलूप लावले ते पहाटे साडेपाचला. बहिणीच्या हॅरोमधल्या घरी पोहोचलो ते रात्री साडेआठला, म्हणजे एकूण साडेएकोणीस तासांनी. सूर्य मावळला तो नऊ वाजून गेल्यावर. आई तोवर जागीच होती. तिने देवापुढे निरांजन लावले, तेव्हा तिच्या घड्याळात दोन वाजले होते.