कट, कट, कट

शाळेत इंग्रजी क्रियापदांची तीन रूपे घोकताना 'गो, वेंट, गॉन'ने दमलेल्या जिभेला 'कट, कट, कट' हे विश्रांतिस्थान वाटत असे. एकच शब्द तीनदा म्हटला की वर्तमानकाळही झाला आणि भूतकाळही. 'स्लिट' आणि 'स्प्लिट' ही त्याच बिरादरीतली, काळ बदलला तरी रूप न बदलणारी. त्या घोषात मराठी कानाला 'कटकट' ऐकू येई. ती अक्षरशः खरी ठरली ती पुढे भाषांतराचे काम हाती घेतल्यावर.

पहिल्याच पाककृतीत 'चॉप', 'स्लाइस', 'डाइस' आणि 'मिन्स' असे चार शब्द आले आणि मी चारही ठिकाणी निर्धास्तपणे 'चिरा' लिहून मोकळा झालो. मजकूर तपासणाऱ्या बाईंनी समासात फक्त एक प्रश्नचिन्ह काढले होते. तेव्हा कुठे ध्यानात आले, की ही क्रियापदे सुरीकडे पाहतच नाहीत. त्यांची नजर तयार होणाऱ्या तुकड्यावर असते. 'डाइस' तर खेळातल्या फाशांवरूनच आले आहे, म्हणजे तुकडे फाशांसारखे चौकोनी हवेत. आपण मात्र आधी हत्यार पाहतो: नखाने खुडायचे, कात्रीने कातरायचे, दाताने कुरतडायचे, आणि तुकडा कसा हवा हे सांगायला 'बारीक', 'जाडसर', 'चौकोनी' अशी विशेषणे वेगळी जोडायची. अर्थात करवतीसाठी 'सॉ' आणि कात्रीसाठी 'स्निप' इंग्रजीतही आहेतच, तेव्हा हा नियम फार ताणू नये.

पण खरी गोम तुकड्यात नसून कर्त्यात आहे. एकदा सुरी निसटून बोटाला लागली. इंग्रजीत हे सांगायचे तर 'आय कट माय फिंगर' म्हणायचे. याचे शब्दशः मराठी केले, 'मी माझे बोट कापले', तर ऐकणारा घाबरून विचारील की असे का केलेत. आपण 'माझे बोट कापले' एवढेच म्हणतो. कर्ता वाक्यातून हळूच निघून जातो आणि दोष सुरीवर की नशिबावर, हा प्रश्न कोणी विचारत नाही. केसांच्या बाबतीत मात्र नेमके उलटे होते. 'मी केस कापले' असे आपण खुशाल म्हणतो, मग प्रत्यक्षात कात्री दुसऱ्याच्या हातात का असेना. हेच वाक्य मी एकदा इंग्रजीत 'आय कट माय हेअर' असे सरळ उतरवले, तेव्हा समोरच्याने मोठ्या कौतुकाने विचारले, की मानेवरच्या केसांपर्यंत तुमचा हात पोहोचला कसा? तिथे 'आय हॅड माय हेअर कट' म्हणावे लागते. म्हणजे बोटाच्या अपघाताची जबाबदारी इंग्रजी आपल्या गळ्यात घालते आणि केसांच्या कामाचे श्रेय मात्र काढून घेते.

फाटण्याच्या बाबतीत मराठी अधिक काटेकोर आहे. इंग्रजी 'टेअर' हे एकच क्रियापद कागद आपोआप गेला तरी चालते आणि कोणी टरकावला तरी चालते. आपल्याकडे 'फाटला' आणि 'फाडला' यांत आरोपी सापडतो, म्हणून तर वहीचे पान हातात घेऊन उभे असलेले मूल नेहमी 'फाटलं' असेच म्हणते. 'तुटणे' आणि 'तोडणे', 'फुटणे' आणि 'फोडणे' याही अशाच जोड्या.

कापणे आणि फोडणे यांची वाटणी जगभरच्या भाषा कशी करतात, यावरचे एक संशोधन 2007 मध्ये प्रसिद्ध झाले. वस्तू कापल्याच्या आणि मोडल्याच्या लहान लहान चित्रफिती दाखवून 28 भाषांच्या भाषकांना त्यांचे वर्णन करायला सांगितले होते. भाषांमधले फरक पुष्कळ निघाले, पण एक रेघ बऱ्याच ठिकाणी सारखी आढळली: वस्तू नेमकी कुठून वेगळी होणार हे आधी सांगता येते की नाही. सुरी जिथे टेकवावी तिथेच काप जातो. हातोडीखालच्या थाळीला तडा कुठून जाईल ते हातोडीलाही ठाऊक नसते. हे पटण्याजोगे आहे, पण माझ्या बोटाचे काय? तिथे सुरी होती, काप सरळ होता, आणि तो कुठे पडणार याचा अंदाज मला मुळीच नव्हता.

या सगळ्या गोतावळ्यात मला सर्वांत जवळचे वाटते ते 'क्लीव्ह'. त्याचा एक अर्थ दुभंगणे आणि दुसरा घट्ट चिकटून राहणे. जुन्या इंग्रजीत ही दोन निरनिराळी क्रियापदे होती. उच्चार झिजत झिजत एकमेकांवर येऊन बसले आणि आता एकाच शब्दात दोघे बिऱ्हाड करून आहेत. दुभंगणाऱ्या 'क्लीव्ह'ची भूतकाळी रूपे 'क्लेफ्ट', 'क्लोव्ह', 'क्लीव्ह्ड', आणि तिसऱ्या रूपात वर आणखी 'क्लोव्हन'. हे घोकायला लागले असते, तर 'कट, कट, कट'ला मी कटकट म्हटले नसते.