प्रकाशक गेला, हप्ते चालू आहेत

माझा भाचा डी अँड डी, म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या रोल-प्लेइंग खेळाची पाचवी आवृत्ती खेळतो. आपापलं पात्र बनवायचं आणि टेबलाभोवती बसून फाशांवर गोष्ट पुढे न्यायची, असा हा प्रकार. नवं जाडजूड पुस्तक आलं की स्वारी खूश. माझ्याकडच्या 'ट्रॅव्हलर'च्या तीन काळ्या पुस्तिका चाळून तो म्हणाला, "मावशी, हा गेम डेड आहे. ह्याला सपोर्टच नाही कुणाचा." ट्रॅव्हलरची नवी आवृत्ती बाजारात मिळते, तिच्याकडे मी येतेच. तो बोलत होता ते १९७७ च्या पुस्तकांबद्दल, आणि आम्ही ठाण्यात रविवारी दुपारी खेळतो ते त्याच पुस्तकांवर. मेलेला खेळ म्हणे!

खेळ माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात. अमेरिकेत इलिनॉयमधल्या गेम डिझायनर्स वर्कशॉप, म्हणजे जीडीडब्ल्यू, नावाच्या कंपनीने मार्क मिलर यांचा हा अवकाशातला रोल-प्लेइंग खेळ काढला. काळ्या खोक्यात तीन पातळ पुस्तिका. पहिलीत पात्रं आणि मारामारी, दुसरीत अवकाशयानं, तिसरीत ग्रह आणि साहसं. तयार विश्व त्यात नव्हतंच. ज्याच्यासाठी ट्रॅव्हलर पुढे ओळखला गेला ते 'थर्ड इम्पीरियम' नावाचं काल्पनिक अवकाश-साम्राज्य नंतरच्या पुस्तकांतून आलं. खोक्यात होते ते तक्ते, आणि फासे टाकायची मुभा.

हे तक्ते काय करतात ते एकदा बघाच. मागच्या पावसाळ्यात मी एका ग्रहासाठी फासे टाकले. आकार ३, म्हणजे व्यास साधारण ४,८०० किलोमीटर. हवा अतिविरळ. पाणी शून्य. लोकसंख्येचा आकडा ९, म्हणजे अब्जावधी माणसं. सरकार ६, म्हणजे बाहेरच्या कुणाच्या तरी ताब्यातलं. कायद्याची पातळी ९, म्हणजे घराबाहेर कुठलंही शस्त्र चालणार नाही. अंतराळतळ सी दर्जाचा, इंधन मिळेल ते अशुद्धच. एवढ्या आकड्यांवरून टेबलाभोवती लगेच प्रश्न सुरू झाले. पाण्याचा थेंब नाही तर अब्जावधी लोक पितात काय? बर्फ कोण आणतं? तो आणणाराच मालक असणार! झालं, बर्फ वाहणारी कंपनी आली, तिची मक्तेदारी आली, बिनहत्यारी पाणीचोर आले. गणपती आले तरी आम्ही त्याच ग्रहावर. यात प्रकाशकाने मला कुठला सपोर्ट द्यायचा होता?

आणि दुसऱ्या पुस्तिकेतलं यानाचं कर्ज! मी पेशाने सीए, त्यामुळे यावर जरा जास्त बोलणार. यान घ्यायचं तर २० टक्के रक्कम आधी भरा. मग दरमहा रोख किमतीचा २४० वा भाग, असे ४८० हप्ते. चाळीस वर्षं. मी बसून हिशेब केला, व्याज साडेपाच टक्क्यांच्या किंचित वर जातं. आपल्या गृहकर्जवाल्यांना हेवा वाटावा असा दर आहे, पण अवकाशात माल मिळेलच याची खात्री नसते. पुढचा हप्ता कुठून येणार या एका विवंचनेवर आमचं टोळकं वाटेल ते काम पत्करतं. विकत घेतलेली साहसं, म्हणजे तयार कथानकांची पुस्तकं, माझ्याकडे आहेत. निम्मी अजून नीट वाचलेलीसुद्धा नाहीत.

उलट प्रकाशकाने मनापासून सपोर्ट दिला तेव्हा काय झालं? १९८७ मध्ये जीडीडब्ल्यूने 'मेगाट्रॅव्हलर' काढला आणि सम्राट स्ट्रेफॉनचा खून करून साम्राज्यात यादवी लावून दिली. १९९३ च्या 'न्यू एरा'त संगणकांना ग्रासणाऱ्या एका व्हायरसने उरलंसुरलं साम्राज्य संपवलं, नियमही मुळापासून बदलले. कथा म्हणून हे धाडसाचं होतं, मी ते नाकारत नाही. पण ज्याने आपल्या कोपऱ्यातले ग्रह वर्षानुवर्षं स्वतः रंगवले, त्याच्या टेबलावर येऊन दुसऱ्याने सगळं जाळलं, तर तो जुनी पुस्तकंच काढणार. १९९६ मध्ये जीडीडब्ल्यू बंद पडली आणि हक्क मिलर यांच्याकडे परत गेले. १९९८ मध्ये स्टीव्ह जॅक्सन गेम्सने 'गर्प्स ट्रॅव्हलर' आणला. त्यात सम्राटाचा खून झालेलाच नाही! अधिकृत इतिहास नको असेल तर नाकारायचा, हे एका प्रकाशकानेच छापून दाखवलं.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला डी अँड डीची २००८ ची चौथी आवृत्ती. लढाई म्हणून मला ती आवडते, अजूनही. पण प्रत्येक पात्राला शेकडो 'पॉवर्स'मधून, म्हणजे खास डावपेचांतून, निवड करायची, त्यात सतत दुरुस्त्या, आणि हा पसारा सांभाळायला प्रकाशक कंपनीचं, विझार्ड्स ऑफ द कोस्टचं, स्वतःचं सशुल्क ऑनलाइन साधन. लोकांना पात्र त्याच साधनावर बनवायची सवय लागली. २०१९ संपताना ते बंद झालं. पुस्तकं कपाटात होती, मुखपृष्ठंही कोरी करकरीत, पण हाताने पात्र बनवायला बसलं की दुपार जायची. तिच्या आधीच्या ३.५ आवृत्तीवर मात्र ही वेळ आली नाही. तिचा गाभा २००० सालापासूनच्या खुल्या परवान्याखाली होता, म्हणजे इतरांनाही तो वापरून छापता येत होता, म्हणून कंपनी पुढे निघून गेल्यावर पायझो या दुसऱ्या प्रकाशकाने त्यावरच २००९ मध्ये 'पाथफाइंडर' उभा केला. चौथीचा परवाना वेगळा आणि बराच कडक होता. जानेवारी २०२३ मध्ये खुला परवानाच मोडीत काढायचा बेत बाहेर फुटला तेव्हा एवढा गदारोळ झाला, तो याचसाठी. त्याच महिन्यात कंपनीने पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स या सार्वजनिक परवान्याखाली खुले करून टाकले. आता ते परत घेता येणार नाहीत.

तेव्हा माझ्यापुरती कसोटी अशी: पुस्तकातून पुढच्या रविवारचा खेळ मला एकटीला उभा करता येतो का? येत असेल तर प्रकाशक राहो की जावो.

यावर आमच्या गटातले एक काका पुढे जाऊन म्हणतात, मेंढीकोटचा प्रकाशक कोण? पत्त्यांचा कॅट असला की झालं. ऐकायला मस्त वाटतं, पण मेंढीकोट आजीच्या शेजारी बसून दोन डावांत येतो. ट्रॅव्हलर असा तोंडी शिकवता येत नाही. तक्ते पाहिजेत, पुस्तक पाहिजे, आणि ते नव्या माणसाला विकत मिळायला पाहिजे. मिलर यांनी जुनी पुस्तकं पुढे सीडीवर विकायला ठेवली, नाहीतर माझ्यासारखीला ती कुठून मिळणार होती?

शिवाय आमच्याकडे नवीन येणारा प्रत्येक जण डी अँड डीच मागत येतो. इंटरनेटवर खेळताना बघितलेलं असतं, नाव ऐकलेलं असतं. "ट्रॅव्हलर खेळायचाय" म्हणत आजवर कुणीही दार वाजवलेलं नाही. ओळख करून देण्याचं काम पैसा आणि जाहिरात असलेली कंपनीच करू शकते, तिथे माझे तक्ते निरुपयोगी आहेत. म्हणून २००८ मध्ये ब्रिटनच्या मंगूस पब्लिशिंगने ट्रॅव्हलर पुन्हा छापायला घेतला याचं मला मोल वाटतं. त्यांनी नियमांचा गाभाही खुला ठेवला होता. २०१६ मध्ये त्यांची दुसरी आवृत्ती आली तीत ती मोकळीक नव्हती, तर त्याच वर्षी जुन्या खुल्या गाभ्यावरून 'सेफियस इंजिन' तयार झालं. आता मंगूसलाही कुलूप लागलं तरी कुणीतरी ते छापू शकतं.

आमच्या ऑफिसात आर्टिकलशिप करणारी एक मुलगी अलीकडे आमच्यात येते. तिने २००८ ची आवृत्ती वापरून पात्र केलं, बाकी आम्ही जुन्यावर. जुन्या नियमांत पात्र बनवतानाच मरू शकतं: नोकरीच्या प्रत्येक टप्प्याला फासे टाकायचे, जगण्याचा आकडा हुकला की संपलं, नवा कागद घ्या. नव्यात तिथे नुसता अपघात होतो. त्यामुळे माझा कप्तान चौतिसाव्या वर्षी वारला आणि तिची नाविक एक डोळा गमावून सहीसलामत. "मॅडम, तुमची आवृत्ती फार कडक आहे," म्हणाली. गुण मात्र तेच सहा, फासे तेच दोन. १९७९ चं 'द किनुनीर' हे जीडीडब्ल्यूचं पहिलं छापील साहस काढलं आणि काहीही रूपांतर न करता दोघी त्याच यानात बसलो. हप्ता तिच्या नावावर आहे, कारण कर्ज घ्यायला जिवंत असलेली तीच.