देव नाही, आत्मा नाही, तरी एवढा दूर कसा गेला?

बुद्धाने ईश्वर सांगितला नाही, कायम टिकणारा आत्माही नाकारला; मग लोकांनी धरायचं काय, आणि हा धम्म जपानपर्यंत पोचला कसा? हा प्रश्न मला वरचेवर येतो. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

सारनाथला पाच जणांपुढे बुद्धाने चार गोष्टी मांडल्या: दुःख आहे, त्याला कारण आहे, ते थांबू शकतं आणि थांबवण्याचा आठ अंगांचा मार्ग आहे. माझं मन दरवेळी दुसऱ्या गोष्टीपाशी अडतं. दुःख कुणाच्या कोपाने येत नाही, तृष्णेतून येतं. सगळं बदलतं, आणि ते बदलू नये असा हट्ट आपण धरतो. कारण आपल्यातच असेल, तर ते दूर करायला कुळ कशाला विचारायचं? म्हणून तर उपाली न्हाव्याला बुद्धाच्याच कुळातल्या शाक्य कुमारांच्या आधी दीक्षा मिळाली, आणि त्या कुमारांनी त्याला वंदन केलं, असं विनयपिटक, म्हणजे भिक्खूंच्या नियमांचा ग्रंथ, सांगतं. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत, म्हणजे भिक्खूंच्या सभेत, विनय सांगितला तोही त्यानेच.

अशा विचाराला एका भूमीत अडकून राहायची गरज नव्हती. भिक्खू पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहत, एरवी चारिका करत, म्हणजे गावोगाव फिरत. भिक्षेवर जगायचं म्हणजे वस्तीपासून फार लांब जाता येत नाही. साहजिकच विहार व्यापारी वाटांलगत उभे राहिले. कार्ल्याच्या चैत्यातले काही खांब यवनांनी, म्हणजे त्या काळी ग्रीक म्हणवल्या जाणाऱ्या लोकांनी, दान दिलेले आहेत, तसे लेखच तिथे कोरलेत. कलिंगयुद्धानंतर पश्चात्ताप झालेल्या अशोकाचं श्रेय मोठंच. परंपरेनुसार त्याचा मुलगा महिंद लंकेत धम्म घेऊन गेला. पण सगळं श्रेय राजाला देणं मला पटत नाही. मध्य आशियातून चीनकडे धम्म गेला तो व्यापाऱ्यांच्या तांड्यांसोबत. मध्य आशियातल्या कुचाचा भिक्खू कुमारजीव इ.स. 401मध्ये चीनमधल्या चांगआनला पोचला आणि त्याने केलेली सूत्रांची चिनी भाषांतरं आजही वाचली जातात. पुढे सहाव्या शतकात कोरियातून धम्म जपानला गेला.

भारतात मात्र राजाश्रय आटला, विहार ओस पडले. 14 ऑक्टोबर 1956ला नागपुरात बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह दीक्षा घेतली, तेव्हा इथे धम्म पुन्हा उभा राहिला. बुद्धाने ईश्वर न सांगणं त्यांना उणीव वाटली नव्हती. बुद्ध स्वतःला मार्गदाता म्हणतो, मोक्षदाता नाही, हे त्याचं वेगळेपण त्यांनी आवर्जून लिहिलं होतं.